सेबलच्या मागोमाग सरकलेली सीमा

माझी भाची गेली तीन वर्षे सायबेरियातल्या तोम्स्क शहरात डॉक्टरकीचे शिक्षण घेत आहे. आमच्या बेळगाव भागातून हल्ली बरीच मुले त्या बाजूला जातात आणि खेड्यातली एखादी आजीही 'नात रशियात शिकते' असे सहज सांगून टाकते. पण रशिया म्हणजे मॉस्को, एवढीच आपली समजूत असल्यामुळे पहिले वर्षभर मी तिला मॉस्कोचे हवामान विचारत होतो. मॉस्को तिच्यापासून हवाई अंतरानेसुद्धा जवळजवळ तीन हजार किलोमीटर दूर आहे, हे तिने मला दोन-तीनदा समजावून सांगितले आणि मग नाद सोडला.

गेल्या डिसेंबरात तिने एका टेकडीवरून व्हिडिओ कॉल केला. मागे एक चौकोनी लाकडी बुरूज दिसत होता. "मामा, हा बघा इथला किल्ला. सगळा लाकडाचा. दगडच नाही की हो ह्याला!" बेळगावच्या खंदकाभोवती आणि दगडी तटाभोवती लहानपण गेलेल्या मुलीला किल्ल्याला दगड नाही याचे नवल वाटणारच. तिने फोन बुरुजाच्या कोपऱ्याजवळ नेला, तेव्हा माणसाच्या मांडीपेक्षाही जाड ओंडके टोकांना खाचा पाडून एकमेकांत कसे बसवले आहेत ते स्पष्ट दिसले. बुरूज जुना नाही, मूळ किल्ल्याच्या जागी अलीकडे पुन्हा उभारलेला आहे. मूळ किल्ला १६०४ सालचा. अशा लाकडी ठाण्याला रशियन भाषेत 'ओस्त्रोग' म्हणतात. त्या संध्याकाळपासून मी या ओस्त्रोगांच्या मागे लागलो आणि उरल पर्वतापासून पॅसिफिक महासागरापर्यंतचा एवढा प्रचंड मुलूख रशियाच्या हाती नेमका कसा गेला, हे वाचत बसलो. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला सीमा कशी ठरते हा प्रश्न कोठेही दिसला तरी तो सोडवत नाही, हे त्याचे खरे कारण.

सायबेरियाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ३१ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे चार भारत मावतील एवढे. कोसॅक, म्हणजे रशियाच्या सीमेवरचे लढवय्ये घोडेस्वार-शिपाई, यांचा सरदार येर्माक याने उरल ओलांडला तो १५८१ किंवा १५८२ साली. आणि इव्हान मोस्क्वितिन याची तुकडी ओखोत्स्कच्या समुद्राकाठी पोहोचली १६३९ साली. साठ वर्षेसुद्धा लागली नाहीत. मोस्क्वितिनच्या तुकडीत तीसच्या आसपास माणसे होती आणि त्यांतली बरीचशी याच तोम्स्कची होती. उभारून पस्तीस वर्षे झालेल्या एका लाकडी ठाण्यातली माणसे महासागराला जाऊन भिडली, हे वाचल्यावर पहिला विचार मनात येतो तो शौर्याचा. पुढे वाचत गेलो तसा तो विचार मागे पडला आणि हिशेबाची वही पुढे आली.

त्या वहीत सेबल होता. सेबल हा मुंगसाच्या बेताचा, तपकिरी-काळ्या दाट केसांचा प्राणी असून कडाक्याच्या थंडीत त्याची कातडी सर्वांत तलम असते. युरोपात, तुर्कस्तानात आणि चीनमध्ये तिला सोन्यासारखी किंमत होती. रशियन दप्तरात या मालाला 'मऊ माल' अशा अर्थाचा शब्द वापरलेला आढळतो. सेबलची कातडी चाळीस-चाळीसच्या जुडीने मोजत, कारण एका झग्याला साधारण तेवढी लागत. आणि रशियन भाषेत चाळीसला 'सोरोक' हा जो इतर आकड्यांशी न जुळणारा शब्द आहे, तो या जुडीवरूनच आला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे वीस नगांची कोडी असते, म्हणजे त्यांची जुडी दोन कोड्यांची.

या मालावर बसवलेल्या खंडणीला 'यासाक' म्हणत. शब्द रशियन नाही, तुर्की-मंगोल वळणाचा आहे, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली मला या शब्दात सापडली. मॉस्कोचे राजे स्वतःच दोन शतकांहून अधिक काळ मंगोल-तातार खानांना खंडणी देत होते. त्या जोखडातून ते सुटले असे मानले जाते ते १४८० साली. पुढे इव्हान चौथा याने १५५२ साली कझान आणि १५५६ साली आस्त्राखान जिंकले, तेव्हा खानांच्या मुलखाबरोबर त्यांची वसुलीची पद्धतही त्याच्या हाती आली. उरलच्या पलीकडे सिबिर नावाची एक खानशाही होती. तिचा प्रमुख येदिगेर याने १५५५ सालीच मॉस्कोला सेबलची वार्षिक खंडणी कबूल केली होती. १५६३ साली कुचुम खानाने त्याला बाजूला सारून सत्ता घेतली आणि काही वर्षांनी ही खंडणी थांबवली. येर्माकची स्वारी या थकबाकीच्या पार्श्वभूमीवर पाहिली की तिच्यातला अद्भुतपणा बराच कमी होतो. ती स्वारी झारनेसुद्धा आखलेली नव्हती. मिठाच्या व्यापारातून गबर झालेल्या स्त्रोगानोव्ह घराण्याला झारने १५५८ साली कामा नदीकाठच्या जमिनीची सनद दिली होती, त्यात स्वतःचे सैन्य बाळगण्याची मुभा होती, आणि येर्माकचे कोसॅक हे त्या घराण्याने पदरी ठेवलेले लोक होते. येर्माकने इर्तिश नदीकाठची कुचुमची राजधानी घेतली खरी, पण १५८५ च्या सुमारास रात्रीच्या छाप्यात तो त्याच नदीत बुडाला; झारने भेट दिलेल्या जड चिलखतानेच त्याला तळाशी नेले अशी आख्यायिका आहे. कुचुम मात्र १५९८ पर्यंत लढत राहिला. दरम्यान रशियनांनी १५८६ साली त्युमेन आणि १५८७ साली तोबोल्स्क ही ठाणी बसवली होती, आणि मुलूख ताब्यात राहिला तो या ठाण्यांमुळे.

वसुलीची व्यवस्था जुन्या खानांचीच होती, याचा पुरावा त्यांच्या शब्दांतच पडून आहे. एखाद्या टोळीच्या प्रमुखाकडून निष्ठेची शपथ घेत, तिला 'शेर्त' म्हणत. हा तातारांमार्फत आलेला अरबी 'शर्त' आहे, आपल्या 'अटी आणि शर्ती'तला. खंडणी वेळेवर यावी म्हणून त्या प्रमुखाचा मुलगा किंवा भाऊ ठाण्यात ओलीस ठेवत, त्याला 'अमानात' म्हणत. आपल्याकडे हाच शब्द अक्षरांची उलटापालट होऊन 'अनामत' झाला आणि वीजजोडणीच्या पावतीवर जाऊन बसला. सगळी कातडी शेवटी जमा व्हायची ती 'काझ्ना'त, म्हणजे खजिन्यात. सायबेरियाचा कारभार १६३७ साली स्वतंत्र खाते निघेपर्यंत मॉस्कोतल्या कझानच्या कचेरीतूनच चालत होता, ही गोष्टही याच माळेतली. आपल्या महसुली मराठीत फारसी-अरबी शब्द ज्या वाटेने आले, जवळपास त्याच वाटेने ते तिकडेही गेले. येर्माकच्या शंभर वर्षे आधी अफानासी निकितिन नावाचा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी चौलला उतरून जुन्नर, बिदरपर्यंत भटकला होता, जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतल्याची तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. आणि त्याच्या लिखाणात रशियन वाक्यांच्या मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्दांची भर पडते. ज्या काळी बेळगावचा किल्ला बहमनींच्या महमूद गावानने घेतला, साधारण त्याच काळातला हा माणूस. दख्खन आणि व्होल्गाकाठ यांच्यामध्ये व्यवहाराची एक सामाईक बोली होती, आणि तीच पुढे सायबेरियात खंडणीची बोली झाली, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

ओलिसाची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. ठाण्याच्या तटबंदीत ओलिसांसाठी वेगळी झोपडी असे. हिवाळा सरता सरता टोळीची माणसे कातडी घेऊन येत, पण ती खाली टाकण्याआधी आपला माणूस जिवंत आहे हे डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरत. मग त्याला बाहेर आणून उभा करत. तो दिसला की माल मोजला जाई, वहीत नाव चढे आणि काही वेळा त्याच्या जागी घरातला दुसरा माणूस ठेवून पहिल्याला सोडत. ओलिस मेला तर खंडणी थांबे, कधी बंडही होई, म्हणून त्याला जगवणे ठाण्याच्या हिताचे होते, तरीही त्यांना नीट खायला मिळत नसे अशा तक्रारी आहेत. चाळीस-पन्नास कोसॅक हजारो माणसांच्या मुलखावर कसे टिकले, याचे उत्तर बंदुकीत जेवढे आहे तेवढेच त्या झोपडीत आहे.

प्रत्येक वेळी बळजोरीच झाली असेही नाही. तोम्स्कचीच कथा घ्या. त्या परिसरातल्या एउश्ता तातारांचा प्रमुख तोयान स्वतः मॉस्कोला गेला आणि आमच्या जागेवर किल्ला बांधून शेजारच्या शत्रूंपासून आमचे रक्षण करा, अशी विनंती त्याने झार बोरिस गोदुनोव्हला केली. त्या बदल्यात आपल्या लोकांना यासाकातून सूट मागितली. झारने लगेच माणसे पाठवली आणि १६०४ च्या शरद ऋतूपर्यंत ठाणे उभे राहिले. शाळेत तैनाती फौजेचा धडा शिकलेल्या कोणालाही पुढचे सांगायची गरज नाही. वसईच्या तहाच्या वेळी दुसऱ्या बाजीरावालासुद्धा शेजारच्यापासून संरक्षणच हवे होते.

आता भूगोल, कारण त्याशिवाय हा वेग कळत नाही. सायबेरियातल्या ओब, येनिसेई, लेना या मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेला आर्क्टिक महासागराकडे वाहतात. मग पूर्वेला जायचे कसे? उत्तर असे की त्यांच्या उपनद्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत, आणि एका खोऱ्यातली शेवटची उपनदी व दुसऱ्या खोऱ्यातली पहिली उपनदी यांच्यामधला जमिनीचा पट्टा अनेक ठिकाणी अगदी अरुंद आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या माथ्यावर जो गेला आहे त्याला हे चटकन कळेल: मलप्रभा तिथे उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे निघते आणि त्याच डोंगरपट्ट्यातून म्हादई पश्चिमेला गोव्याकडे उतरते. दोन खोरी, दोन समुद्र, आणि मध्ये पायी जाता येईल एवढा माथा. सायबेरियात असे माथे सपाट व दलदलीचे असत. कोसॅक तिथे नाव पाण्याबाहेर काढत, माल उतरवत आणि ओढत पलीकडच्या नदीत नेत. अशा जागेला 'वोलोक' म्हणत, म्हणजे ओढण्याची जागा. ओबच्या केत या उपनदीवरून माकोव्स्कच्या वोलोकने येनिसेईवर, तिथून अंगारा आणि इलिम नद्यांनी वर जाऊन दुसऱ्या वोलोकने लेनेवर, अशी ती वाट होती, आणि जिथे वाट अडते तिथे ओस्त्रोग उभा राहिला: १६१९ साली येनिसेइस्क, १६३२ साली याकुत्स्क.

परंतु वाट सोपी होती म्हणून कोणी एवढे दूर जात नाही. लोक पुढे गेले कारण मागे सेबल उरला नव्हता. सेबलचे प्रजनन संथ असते, आणि एका बाजूला यासाकासाठी स्थानिक शिकारी, दुसऱ्या बाजूला खासगी रशियन शिकारी, असा दुहेरी मारा एका खोऱ्यावर सुरू झाला की एका पिढीत ते खोरे रिकामे होई. खासगी शिकाऱ्याला दहा कातड्यांमागे एक सरकारात भरावे लागे, आणि तेही चांगल्यातले. स्थानिक माणसावरचा यासाक मात्र जनावरे घटली तरी लगेच घटत नसे. वहीत नाव होते, आकडा होता आणि झोपडीत ओलीस होता. मांगाझेया हे आर्क्टिकजवळचे ठाणे या चक्राचा नमुना आहे. १६०१ च्या सुमारास ते वसले, फरच्या व्यापाराने भरभराटीला आले, इंग्रज-डच जहाजे तिथवर येतील या भीतीने मॉस्कोने १६२० च्या आसपास तिथला समुद्रमार्गच मृत्युदंडाच्या धाकाने बंद केला, मग आसपासचा सेबल संपला, आग लागली, आणि १६७२ साली लोक ते सोडून गेले. सरकारची सीमा सेबलच्या मागे धावत होती.

मॉस्कोहून निघालेला हुकूम याकुत्स्कला पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागे, त्यामुळे तिथला वोयेवोदा, म्हणजे सुभेदार, आपल्या मुदतीपुरता राजाच असे. परत जाताना उरलवरच्या वेर्खोतुर्येच्या नाक्यावर त्याच्या सामानाची झडती घेत, कारण सुभेदाराने गाद्या-उशांत कातडी लपवून नेणे सरकारला नवे नव्हते. याकुत्स्कचा पहिला वोयेवोदा प्योत्र गोलोविन याने १६४२ साली याकुत लोकांच्या गुराघोड्यांची मोजदाद सुरू केली. आज मोजतो तो उद्या कर लावतो, हे ओळखून याकुतांनी उठाव केला आणि तो अत्यंत क्रूरपणे मोडण्यात आला. शिवाय देवी होतीच. १६३० च्या सुमारास पश्चिम सायबेरियात आणि शतकाच्या मध्याला पूर्वेकडे देवीची साथ पसरली आणि ज्यांच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्तीच नव्हती अशा टोळ्यांच्या वस्त्याच्या वस्त्या बसल्या. एवढ्या मोठ्या प्रदेशात मूळ लोकसंख्या अवघी दोन लाखांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. त्यामुळे एकेका वस्तीचे बसणे केवढे होते ते समजावे. अगदी ईशान्य टोकाचे चुकची लोक तेवढे अखेरपर्यंत वाकले नाहीत: १७४७ साली त्यांनी रशियन सेनापती पावलुत्स्कीला ठार केले आणि पुढे काही वर्षांनी रशियनांनी आपले आनादिर ठाणेच मोडून टाकले.

ही धाव अडली ती आमूर नदीवर. पोयार्कोव्ह १६४३ साली आणि खाबारोव्ह १६४९ नंतर तिथे उतरले. धान्य पिकणारा मुलूख पाहून त्यांनी लूट मांडली, परंतु तिथले लोक आधीच चीनच्या मांचू सम्राटाला खंडणी देत होते, हे त्यांना उशिरा उमगले. आतापर्यंत वहीत नाव चढवताना समोर दुसरी वही कधी आली नव्हती. मांचू सैन्याने १६८५ आणि १६८६ साली आल्बाझिनच्या ठाण्याला वेढा घातला, आणि अखेर १६८९ च्या ऑगस्टमध्ये नेर्चिन्स्क येथे तह झाला. दुभाषे होते परेरा आणि जेर्बियों हे चीनच्या दरबारातले जेझुइट पाद्री, आणि तहाचा अधिकृत मसुदा होता लॅटिनमध्ये. म्हणजे ज्या दोन राज्यांची सीमा ठरत होती त्यांपैकी एकाचीही भाषा त्या कागदावर नव्हती. रशियन व मांचू प्रती वेगळ्या निघाल्या. नदीकाठी पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या दाउर आणि एवेंक लोकांची भाषा तर कोणत्याच प्रतीत असण्याचा प्रश्न नव्हता. रशियाने आमूर सोडली, आल्बाझिन पाडले, व्यापाराची मुभा मिळवली आणि १८५८ व १८६० च्या तहांत चीन दुबळा असताना ती नदी परत घेतली. व्लादिवोस्तोक त्याच १८६० सालचे.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आमची सीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी कागदावर ठरली, तिच्या अलीकडे-पलीकडे कोणी ओलीस ठेवला गेला नाही, आणि सायबेरियाच्या दुःखाशी तिची तुलना करणे हा आतताईपणा होईल. पण घरात मराठी, दुकानात कानडी आणि शेताचा उतारा कानडीत अशा जगण्याची सवय असल्यामुळे नेर्चिन्स्कची ती लॅटिन प्रत मला इतर वाचकांपेक्षा जरा जास्त वेळ रोखून धरते, एवढेच.

अठराव्या शतकापर्यंत सेबलचा जोर ओसरला होता आणि सायबेरियाचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी वाढू लागला होता, माणसे पाठवून देण्यासाठी. त्याची सुरुवात एका घंटेपासून झाली असे तोबोल्स्कमध्ये सांगतात. १५९१ साली उग्लिच गावात राजपुत्र द्मित्री मरण पावला तेव्हा जी घंटा वाजवून लोकांना जमवले गेले, तिला बंडाबद्दल फटके मारण्यात आले, तिची जीभ म्हणजे लोळी काढली, कान म्हणजे टांगण्याची कडी तोडली आणि तिला तोबोल्स्कला हद्दपार केले. ती १८९२ साली परत गेली. घंटेनंतर माणसे गेली, झारविरुद्धच्या १८२५ च्या उठावातले सरदार गेले, आणि कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीने ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे काढली. खऱ्या अर्थाने शेतकऱ्यांचे लोंढे आले ते मात्र १८९१ साली सुरू झालेल्या रेल्वेमुळे. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा लोहमार्ग ९,२८८ किलोमीटरचा आहे, आणि मुख्य मार्ग तोम्स्कला बगल देऊन दक्षिणेकडून गेला, याची खंत त्या शहराला अजून आहे असे भाचीच्या बोलण्यावरून दिसते. तिला घरी यायचे तर आधी फाट्यावरची गाडी पकडावी लागते.

तोयानच्या लोकांचे एउश्ता हे गाव तोम नदीच्या पलीकडच्या तीरावर आजही आहे. भाची तिथे अजून गेलेली नाही; बर्फ वितळल्यावर जाईन म्हणते. तिथे गेल्यावर वेशीवरच्या पाटीचा फोटो पाठव आणि पाटीवर नाव एका भाषेत आहे की दोन, तेवढे नीट बघून घे, असे मी तिला सांगून ठेवले आहे. "मामा, तुम्ही बेळगावचेच हो!" एवढे बोलून तिने फोन ठेवला.